ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) कोणाच्या हाताखाली असावा? बोर्डापुढे कोणते आकडे ठेवायचे?

वाळूज_ईएचएस:
वाहनांच्या सुट्या भागांची कंपनी, प्लेटिंग आणि पेंट शॉप दोन्ही. शेअर बाजारात नोंदणी नाही, प्रवर्तक घरचेच. नव्या स्वतंत्र संचालकांनी सांडपाण्याचा तिमाही अहवाल मागितला आहे. सध्या ईटीपी सुपरवायझर प्रॉडक्शन मॅनेजरला रिपोर्ट करतो आणि बोर्डाकडे ‘सर्व परवाने चालू, १०० टक्के पूर्तता’ एवढीच ओळ जाते. अहवालात काय असावं? रचना बदलायची तर कशी?

गाळवाला:
आधी रचना बदला. प्रॉडक्शन मॅनेजरचं मोजमाप रोजच्या नगांवर होतं. इक्वलायझेशन टाकी (सांडपाणी आधी जमा होतं ती) भरत आली की लाइन थांबवायची की पाणी पुढे ढकलायचं, हे तोच ठरवणार असेल तर पाणीच पुढे जाणार. ईटीपी प्रमुख थेट प्लांट हेडच्या हाताखाली हवा आणि लाइन थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी हवा. प्लेटिंगचा जुना बाथ (टाकीतलं रसायनांचं द्रावण) काढायचा तर त्याच्या सहीशिवाय नाही. एकदम सोडलेला बाथ पुढच्या एरेशन टाकीतले, हवेवर जगून पाण्यातली घाण खाणारे जिवाणू मारतो आणि ते पुन्हा वाढायला आठवडे लागतात.

क्रोमियमचं पाणी वेगळ्या टाकीतच घ्या. पीएच २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट टाका (विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं कमी विषारी रूप होतं), मग चुना टाकून पीएच ८.५ ते ९ करा, म्हणजे क्रोमियम गाळात बसतं. घाईत पीएच ५ वरच डोस दिला की अभिक्रिया मंदावते आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम तसंच बाहेर पडतं. त्याची मर्यादा ०.१ मिग्रॅ प्रति लिटर आहे, चुकीला जागाच नाही. सायनाइडचा बाथ असेल तर त्याचं पाणी ॲसिडच्या टाकीकडे कधीही वळवू नका, जीवघेणा वायू तयार होतो.

बोर्डाला टक्केवारी देऊ नका, कच्चे आकडे द्या: आत आलेलं पाणी, प्रक्रिया झालेलं पाणी, ईटीपीची वीज, रसायनं आणि गाळ. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर लागतात, ते एमआयडीसीच्या मीटरवर दिसत नाहीत. त्यांच्या पावत्या धरल्याशिवाय पाण्याचा ताळेबंद जुळत नाही. माझ्या मते गाळाचा आकडा सगळ्यांत बोलका. उत्पादन तेवढंच आणि गाळ निम्मा, म्हणजे प्रक्रिया होत नाही किंवा गाळ भलतीकडेच जातोय. मॅनिफेस्टवरचे (घातक कचरा बाहेर पाठवतानाची नोंद) किलो आणि गाळाच्या शेडमधला साठा जुळवून पाहा. हा गाळ घातक कचरा आहे, तो सहसा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

कंपनी_सेक्रेटरी_लातूर:
कायद्याची बाजू संचालकांना स्पष्ट सांगा. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम ४७ आहे: गुन्हा कंपनीचा असला तरी त्या वेळी कारभार पाहणारा माणूस जबाबदार धरला जातो. संचालकाची संमती किंवा हयगय सिद्ध झाली तर तोही. शिवाय कंपनी कायदा २०१३, कलम १३४(५) प्रमाणे लागू कायद्यांच्या पालनाची व्यवस्था पुरेशी आहे, असं निवेदन संचालकच देतात. ‘१०० टक्के’च्या एका ओळीवर त्यांनी ते कशाच्या आधारे द्यायचं?

सेबीचा बीआरएसआर (पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा) अहवाल आघाडीच्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना लागतो, तुम्हाला नाही. पण तुमचे ग्राहक त्या यादीत असतील तर पाण्याचे आकडे मागतीलच. आणि ईटीपीचा खर्च सीएसआरमध्ये (कंपनीच्या सामाजिक कामांच्या खर्चात) दाखवू नका, कायद्याने बंधनकारक असलेलं काम त्यात बसत नाही.

वाळूज_ईएचएस:
ईटीपीला वेगळा वीजमीटर नाही. सीओडीची (पाण्यातल्या घाणीचं मोजमाप) महिन्याची सरासरी मात्र नेहमी २५० मिग्रॅ प्रति लिटरच्या आत असते.

गाळवाला:
ईटीपी पॅनलच्या फीडरवर सब-मीटर आणि ब्लोअरला (एरेशन टाकीत हवा सोडणारं यंत्र) तासमापक बसवा. रात्री ब्लोअर बंद ठेवून वीज वाचवली जाते. एरेशन टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन २ मिग्रॅ प्रति लिटरच्या खाली जातो, तंतुमय जिवाणू माजतात आणि सेटलरमध्ये (गाळ खाली बसवायची टाकी) गाळ बसत नाही. दर घनमीटर पाण्यामागचे विजेचे युनिट अचानक उतरले की हे लगेच कळतं.

सरासरीमागे वाईट दिवस लपतात. महिन्यातलं सगळ्यांत खराब रीडिंग तारीख-वेळेसह द्या, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रातली मर्यादा लिहा. नमुना क्वालिटीच्या माणसाने घ्यावा, न सांगता, आणि निदान निम्मे नमुने रात्रपाळीतले असावेत.