नाताळ फंड: पैसे कुठल्या खात्यात पाठवायचे? (आणि जुलैची ट्रिप)

प्रेषक: खजिनदार

सलाम आणि नमस्कार मंडळी,

भारतातल्या नर्सिंगच्या मुलींच्या फीसाठी इथे परदेशात आपल्या मंडळाने जमवलेले पैसे अजून आपल्याच खात्यात पडून आहेत. त्यांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्थेकडून काल जो अकाउंट नंबर आला तो तालुक्याच्या शाखेचा आहे, तिथे मी पाठवणार नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा, त्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशातला पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच पडावा लागतो, तिथून पुढे ते स्वतःच्या गावातल्या खात्यात वळवू शकतात. तो नंबर आणि रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट मागवलंय पण दोन मेलना उत्तर नाही. तिथल्या ऑफिसात कुणाची ओळख असेल तर मला वेगळं कळवा, नंबर लिस्टवर टाकू नका.

प्रेषक: आप्पा

अहो एवढा घोळ कशाला, माझा पुतण्या तिथून तासाभरावर राहतो, त्याच्या खात्यात टाका, तो स्वतः जाऊन पावती घेऊन येईल. विहिरीच्या वेळी असंच केलं होतं, कुणाची एका पैशाची तक्रार नव्हती. मुलींची फी थांबलीये आणि आपण इथे शाखा शोधत बसलोय.

प्रेषक: खजिनदार

आप्पा, तुमच्या पुतण्यावर शंका नाही हो. पण नातेवाइकाला घरखर्चाला पैसे पाठवणं वेगळं आणि संस्थेचं दान त्याच्या हातून फिरवणं वेगळं. उद्या चौकशी आली तर ती पुतण्यावर आणि त्या हॉस्पिटलवर येईल, आपल्यावर नाही. रजिस्ट्रेशन गेलं तर आपल्या चार मुलींच्या फीसाठी त्यांच्या सगळ्या वॉर्डांचा परदेशी पैसा बंद होईल. दुसऱ्या मोठ्या संस्थेला देऊन तिथून पुढे पाठवा असं परवा कुणीतरी फोनवर म्हणालं, तेही आता चालत नाही, एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा पुढे द्यायला २०२० पासून पूर्ण मनाई आहे.

ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते आपल्या बचतीतून थेट देऊ शकतात, तो परदेशी पैसा धरत नाहीत. ओसीआयवाले (भारतीय वंशाचे, पण परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड असलेले) मात्र परदेशी नागरिकच धरले जातात. आणि थेट दिलं तर इथल्या टॅक्समध्ये सूट नाही, ती मंडळामार्फत दिलं तरच, तेही पैसा कशाला जातोय यावर मंडळाचा ताबा असेल तर. म्हणून मी कागद मागतोय.

प्रेषक: युथवाली ताई

ओसीआयचा विषय निघालाच आहे तर, आमची जुलैची ट्रिप. मुलं तिकडे व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) घेणार, गाणी, गोष्टी, संध्याकाळी वस्तीत प्रार्थना. सगळ्यांकडे ओसीआय आहे त्यामुळे व्हिसा लागत नाही ना? तिकिटं या आठवड्यात काढायचीयेत, नंतर भाडं वाढेल.

प्रेषक: कार्यकारिणीतून (सांस्कृतिक)

माझा मुद्दा वेगळा आहे. नाताळच्या कार्यक्रमाला मी दरवर्षी असते, करंज्या करायलाही असते, त्यामुळे कृपया गैरसमज नको. पण मंडळात सगळ्या धर्मांचे लोक आहेत. फी द्यायला माझा पूर्ण पाठिंबा आहे, वस्तीतल्या प्रार्थनेला मंडळाच्या खात्यातून पैसा जाऊ नये. दोन्ही एकाच फंडात का? गणपतीच्या वर्गणीतून आपण कधी देवळाला दिलेलं नाही, तो नियम सगळ्यांना सारखा हवा.

प्रेषक: मिरजेचे काका

फीबद्दल लिहितो. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी मिरजेत १८९४ ला हॉस्पिटल सुरू केलं हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण त्यांच्यामागे दर महिन्याला पैसे कोण पाठवत होतं हे कुणाला माहीत नाही. माझी आई नर्स झाली ती अमेरिकेतल्या कुठल्यातरी चर्चच्या बायकांच्या पैशावर, त्या बायकांनी आईला कधी पाहिलं नाही आणि आईने त्यांना नाही, नाताळला एक कार्ड यायचं तेवढंच. पण कोर्स संपेपर्यंत फी एकदाही चुकली नाही. आई सांगायची, तिच्याबरोबरच्या एका मुलीचा दाता दुसऱ्या वर्षी थांबला आणि ती घरी परत गेली, तिचं लग्न लावून दिलं, संपलं. नर्सिंगचा डिप्लोमा, जीएनएम, तीन वर्षांचा असतो, बीएससी चार वर्षांचं. आपण चार मुलींची एका वर्षाची फी देऊन फोटो काढणार असू तर त्यापेक्षा एकाच मुलीची शेवटपर्यंत द्या. मी हे मीटिंगमध्येही बोललो होतो, मिनिट्समध्ये आलं नाही.

ट्रिपच्या तिकिटांचा हिशोबही एकदा याच्या शेजारी मांडून बघा.

प्रेषक: वसईच्या माई

काकांचं पटतं, पण मुलगी निवडायची कुणी? आमच्या कॅथलिक लोकांत ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशन संडे असतो, १९२६ पासून, त्या दिवशीचं सगळं अर्पण एकाच सामायिक फंडात जातं, कुठल्या देशाला काय लागतं ते तिथून ठरतं. देणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. याची सुरुवात फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या पोलीन जारिको या बाईंनी केली, गिरणीतल्या कामगारांकडून आठवड्याला एकेक पैसा गोळा करून, १८२२ ची गोष्ट. मला ही पद्धत जास्त स्वच्छ वाटते. अमुक मुलगी माझी, तमुक तुझी असं झालं की त्या मुलीला आयुष्यभर ओझं होतं.

प्रेषक: आप्पा

माई, सामायिक फंडात पैसा गेला की तो कुठे गेला ते कळत नाही. आमच्या नगरकडे उलट शिकवण. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे सेक्रेटरी रूफस अँडरसन १८५४-५५ ला स्वतः मुंबई-नगरला येऊन गेले आणि म्हणाले, गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना त्यांचे स्वतःचे पाळक द्या, कारभार त्यांचा, खर्चही हळूहळू त्यांचाच. त्या पायी इंग्रजी शाळा बंद झाल्या, ते मला कधीच पटलं नाही, पण मूळ विचार बरोबर होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर १९१७ ला मिशनचा पगारच सोडला. परदेशी पैशावर उभी राहिलेली मंडळी पैसा थांबला की बसते, आमच्या गावात पाळकांचं घर पडायला आलं तेव्हा बघितलंय.

प्रेषक: मिरजेचे काका

आप्पा, पाळकांचा पगार आणि मुलीची फी एक नाही. मुलगी नर्स होऊन स्वतः कमावते, तिला आपली गरज उरत नाही. तुमच्या अँडरसन साहेबांनाही हेच हवं होतं.

प्रेषक: आणखी एक सदस्य (नवीन)

सांस्कृतिकच्या ताईंना उत्तर. मी ख्रिस्ती आहे आणि दोन फंड वेगळे करा हे मलाही मान्य आहे. पंडिता रमाबाईंना बॉस्टनच्या असोसिएशनने १८८७ पासून दहा वर्षांसाठी मदत दिली, गावोगावच्या सर्कलमधले लोक वर्षाला एकेक डॉलर द्यायचे. त्यांची मुलींची शाळा शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, काही मुली येऊन बसायला लागल्या, आणि १८९३ ला रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनवाल्यांनी साथ सोडली नाही. माझ्या मते रमाबाईंनी काही लपवलं नव्हतं, पण तटस्थ म्हणजे नेमकं काय हे दोन्ही बाजूंनी आपापल्या परीने धरलं होतं आणि भोगलं मुलींनी. म्हणून फीच्या पत्रात स्पष्ट लिहा की मुलगी कुठल्याही जातीधर्माची चालेल, निवड कॉलेज करेल. सुवार्तेच्या (धर्मप्रचाराच्या) कामासाठी आमची कुटुंबं वेगळी वर्गणी काढतील आणि तीही उघडपणे सुवार्तेची म्हणूनच. एफसीआरएमध्ये धार्मिक कामाला बंदी नाही, संस्थेची नोंदणी त्यासाठी असली पाहिजे एवढंच.

प्रेषक: कार्यकारिणीतून (सांस्कृतिक)

असं असेल तर माझी हरकत संपली. पत्राचा मसुदा मला दाखवा, मराठी मी तपासून देईन.

प्रेषक: खजिनदार

युथवाल्या ताईंना कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो. तिकिटं काढू नका. मार्च २०२१ च्या नोटिफिकेशनप्रमाणे ओसीआय असला तरी मिशनरी कामासाठी वेगळी खास परवानगी घ्यावी लागते. आजीआजोबांना भेटायला जा, संस्था बघा, मुलींना भेटा, पण वस्तीत प्रार्थना घेणं म्हणजे काय धरलं जाईल ते आधी कॉन्सुलेटला लेखी विचारा.

प्रेषक: मिरजेचे काका

आणि जुलैत व्हीबीएस कुणासाठी घेणार? तिकडे शाळा जूनमध्ये सुरू होतात. व्हीबीएस एप्रिल-मेच्या सुट्टीत असते आणि तिथले पाळक आणि कॉलेजची मुलं ती उत्तम घेतात, गाणीही मराठी. त्यांना वह्या, रंग आणि खाऊचा खर्च लागतो, विचारून बघा.

प्रेषक: युथवाली ताई

आमच्या मुलांनी वर्षभर गाड्या धुऊन पैसे जमवलेत, त्यांना नुसतं पाठवून द्या म्हणणं मला जड जाईल. पण परवानगीशिवाय नेणार नाही. कॉन्सुलेटला आज मेल करते. पालकांची मीटिंग रविवारी उपासनेनंतर, काका तुम्ही याच, आणि व्हीबीएसच्या खर्चाचा आकडा तिथल्या पाळकांकडून घेऊन या.