चर्चा : गुपित शीर्षकातच फोडल्यावर गोडी वाढते की गोष्ट रखडते?

हिरवीशाई : सुमिको अराई यांची ‘कि नि नात्तेरु हितो गा ओतोको जा नाकात्ता’ ही माँगा (जपानी चित्रकथा) 2022 पासून ट्विटरवर येऊ लागली. आया नावाची वर्गातली झकपक मुलगी सीडीच्या दुकानातल्या, काळे कपडे नि मास्क घातलेल्या ‘मुलावर’ भाळते. तो ‘मुलगा’ म्हणजे तिच्याच शेजारच्या बाकावरची बुजरी, चष्मेवाली मित्सुकी. ‘जो आवडला तो मुलगा नव्हताच’ अशा अर्थाच्या नावावरूनच सगळं कळतं, त्यामुळे कोण, कसं याची हुरहूर नाही. आया शेजारी बसून त्या ‘मुलाचं’ कौतुक करते आणि मित्सुकीची तारांबळ उडते. मजा या तारांबळीत आहे.

चौथंपान : थोडे भाग मजा, मग तोच ठेका. तेव्हा एका ट्वीटला चारच चित्रं जोडता यायची, म्हणून भागही साधारण चार पानांचा. चौथ्या पानावर कुणीतरी लाजायलाच हवं! रोज एक वाचलं तर गोड, पुस्तकात सलग वाचलं की नातं जागेवरच. ‘यागाते किमी नि नारु’ ही मुलींच्या प्रेमाचीच माँगा 2015 ते 2019 या काळात आठ खंडांत संपली, आणि तिथे नातं सतत सरकतं.

हिरवीशाई : ते नाट्य आहे हो, हे विनोदी. आणि इथला रंग बघा ना. काळं-पांढरं आणि एकच पोपटी हिरवा. सावलीही त्यातच, पार्श्वभूमीही त्यातच. लाजलेल्या गालांना लाल मिळतच नाही, सगळं डोळ्यांवर आणि रिकाम्या चौकटीवर.

जुनीवाचक : माझा आक्षेप वेगळा. मुलींच्या प्रेमकथेला सुरुवात करायला ‘मुलगा’ कशाला लागतो? ‘युरी हिमे’ मासिक 2005 पासून मुलींच्या प्रेमकथा सरळ छापतंय, वेषांतराशिवाय.

चौथंपान : इथे मात्र मी हिरवीशाईच्या बाजूचा. मित्सुकी मुलगा असल्याचं सोंग आणतच नाही. ती आपली दुकानात काम करते, गैरसमज आयाचा. शिवाय दोघींना बांधतं ते जुनं रॉक. शाळेतल्या मैत्रिणींत आयाला ते ऐकणारं कुणी नाही, हे एकटेपण खरं आहे.

जुनीवाचक : बरं, ते मान्य. पण मराठीत आणून दाखवा! शीर्षकातल्या जपानी ‘हितो’ला (म्हणजे ‘माणूस’) लिंग नाही. आपल्याकडे ‘आवडला’ म्हणा की ‘आवडली’, गैरसमज क्रियापदातच ठरतो.

हिरवीशाई : ‘मला आवडलेली व्यक्ती मुलगा नव्हती’?

जुनीवाचक : ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी! आयाच्या आधी व्याकरणालाच कळलं.