मदत हवी आहे: मणक्याच्या गादीचं ऑपरेशन झालंय, फरशीच्या कामावर परत कसं जाऊ?

नमस्कार मंडळी. मी फरशी बसवण्याचं काम करतो, अंगावर कामं घेऊन. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल४-एल५ची) गादी सरकून डाव्या पायाची नस दबली होती. गोळ्या, इंजेक्शन, शेक सगळं झालं, पण पुढे डावा पंजा वर उचलता येईना, तेव्हा मायक्रोडिस्केक्टमी (गादीचा सरकलेला तुकडा काढायचं ऑपरेशन) करावी लागली. त्याला आता तीनेक महिने होत आले. पायातली ती जीवघेणी कळ ऑपरेशननंतर लगेच गेली. पंज्यात ताकद बरीचशी परत आली आहे, अंगठ्याच्या बाजूला थोडी बधिरता उरली आहे. रोज तासभर चालतो, जिने चढतो, काही त्रास नाही.

डॉक्टर म्हणाले, "हळूहळू काम सुरू करा, फक्त जड उचलू नका आणि वाकू नका." माझं गाडं इथेच अडलंय. माझ्या कामातून जड आणि वाकणं काढलं तर उरतं काय? मोठ्या फरशीचा बॉक्स तीस किलोच्या आसपास असतो. दिवसभर गुडघ्यांवर, हात पुढे लांब करून फरशी टेकवायची, रबरी हातोड्याने ठोकायची. आणि लेव्हल चुकली की तीच फरशी उचकटायची. खालच्या मसाल्याने ती अशी धरून ठेवलेली असते की तो झटका बॉक्स उचलण्यापेक्षा वाईट बसतो. मला भीती त्या झटक्याची आहे, वजनाची तेवढी नाही.

म्हणून विचारतोय: जड म्हणजे किती किलो? वाकायचं नाही म्हणजे किती दिवस? पट्टा बांधून काम केलं तर चालतं का? आणि ज्यांनी असं अंगमेहनतीचं काम ऑपरेशननंतर पुन्हा धरलं, त्यांनी सुरुवात कुठून केली? घर माझ्या हातावर चालतं, बसून राहणं फार दिवस परवडणार नाही. पण घाईने पुन्हा टेबलावर जायचीही इच्छा नाही.

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच, पण विचार कसा करायचा ते सांगते.

या ऑपरेशनमध्ये अख्खी गादी काढत नाहीत. बाहेर येऊन नसेवर दाबणारा तुकडा तेवढा काढतात. गादीच्या बाहेरच्या कड्याला जिथून तो तुकडा बाहेर आला, तिथे भोक राहतं. गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ते सावकाश आणि अर्धवटच भरून येतं. कातडीवरचे टाके सुटले म्हणजे आतलं भरलं, असं धरून चालू नका. त्याच जागी पुन्हा तुकडा सरकण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ५ ते १५ टक्के दिसतं. म्हणजे बहुतेकांना तो त्रास होत नाही, हेही लक्षात असू द्या.

सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: कड्याला पडलेलं भोक किती मोठं होतं? बारीक चीर असेल तर धोका खूपच कमी, मोठं भगदाड असेल तर बराच जास्त. कॅरॅजी आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासात हा फरक ठळकपणे दिसला होता. "हळूहळू" म्हणजे किती हळू, हे बऱ्याच अंशी यावरून ठरतं.

आता वाकण्याबद्दल. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या एल४-एल५ गादीतच सेन्सर बसवून दाब मोजला. आडवं पडल्यावर ०.१ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक), उभं राहिल्यावर ०.५. वीस किलो वजन अंगाशी धरून उभं राहिल्यावर १.१. आणि हातात काहीही नसताना, नुसतं पुढे वाकून उभं राहिल्यावरही १.१! तेच वीस किलो पाठ गोल करून उचललं तर २.३, गुडघे वाकवून पाठ सरळ ठेवून उचललं तर १.७. हे एकाच माणसावरचं मोजमाप आहे, तरी दिशा स्पष्ट आहे. तुम्ही बॉक्सचे किलो मोजताय, पण रिकाम्या हाताने तासन् तास ओणवं राहणंही तुमच्या हिशोबात यायला हवं.

किलोंचं म्हणाल तर अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेच्या सूत्रात निरोगी माणसासाठी, वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर आणि पकड चांगली असताना मर्यादा २३ किलो धरली आहे. वजन जमिनीवर असेल, अंगापासून लांब असेल किंवा वळून उचलायचं असेल, तर ती खाली येते. म्हणजे तुमचा पूर्ण बॉक्स ऑपरेशन न झालेल्या माणसालाही एकट्याने जास्तच आहे.

पहिले सहा आठवडे वाकणं, उचलणं, कमरेत वळणं टाळा असं बहुतेक ठिकाणी सांगतात. ते तुम्ही पार केलेत. त्यानंतर नुसतं जपून बसण्यात फायदा नाही. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने दुखणं आणि अडचण लवकर कमी होते, आणि त्यामुळे पुन्हा ऑपरेशनची वेळ जास्त येते असं दिसलेलं नाही. चालण्याने दम वाढतो, उचलायची ताकद वाढत नाही. ती वेगळी कमवावी लागते. खुब्यातून वाकायला शिका, पाठ गोल न करता. पाच किलोपासून सुरू करा, आधी टेबलावरून, मग स्टुलावरून, शेवटी जमिनीवरून. उचलल्यावर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते बघा. कमरेत थोडा ताठरपणा चालेल. कळ पुन्हा पायात उतरू लागली तर एक पायरी मागे या, आणि ती थांबली नाही तर दाखवून घ्या.

सकाळी उठल्यावर पहिला तासभर ओणवं काम नको. रात्री आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून फुगते, तेव्हा वाकल्यावर तिच्यावर ताण जास्त येतो.

पट्टा: सर्जननी सांगितलेल्या मुदतीपुरता ठीक. पण पट्ट्यामुळे दुखापत टळते असा भक्कम पुरावा नाही, आणि तो बांधून माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त उचलतो हे मी नेहमी बघते.

बधिरतेची काळजी करू नका. कळ आधी जाते, ताकद नंतर येते, बधिरता सगळ्यात शेवटी, कधी थोडी कायमही राहते. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरता आली, दोन्ही पाय लुळे वाटले किंवा पंजा पुन्हा पडला, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.

प्रतिसाद २

दादा, मी गोदामात माल चढवतो-उतरवतो. माझं एल५-एस१चं, म्हणजे तुमच्या खालच्या गादीचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झाली, आजही तेच काम करतो. मुकादमाशी बोलून सुरुवातीला अर्धा दिवस आणि फक्त मोजदाद घेतली. मग हलके खोके, मग पूर्ण दिवस. एक सांगतो, उचलण्यापेक्षा वळणं मला जास्त नडलं. पाय जागेवर ठेवून कमरेतून वळायची सवय मोडली, पूर्ण पावलं टाकून वळायला लागलो, तेव्हा खरा फरक पडला. आणि तंबाखू-सिगारेट असेल तर सोडा. मला सर्जननी बजावून सांगितलं होतं की धूम्रपानाने गादी पुन्हा सरकायची शक्यता वाढते.

प्रतिसाद ३

वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मी गवंडीकाम करायचो. ऑपरेशननंतर परत गेलो, वर्षाच्या आत त्याच जागी पुन्हा गादी सरकली, दुसरं ऑपरेशन झालं. आता मी मोजमाप आणि देखरेखीची कामं घेतो. पैसे सुरुवातीला कमी मिळाले, हे खरं. तुम्ही परत जाऊ नका असं म्हणत नाही, पण हा दुसरा रस्ता आत्तापासून तयार ठेवा. लेव्हल, आखणी, अंदाजपत्रक यातलं तुम्हाला जे येतं, ते नवख्या माणसाला येत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. नुसतं वाकून उभं राहण्याचा आकडा वाचून डोळे उघडले, मी खरंच फक्त बॉक्सचाच विचार करत होतो. भोकाचं सर्जनना विचारतो. पण फिजिओ ताई, गुडघ्यांवर बसून हात लांब करण्याचं काय? ते उभं राहून वाकणं नाही, पण दिवसातले सहा-सात तास तेच असतं.

प्रतिसाद १

तेही पुढे वाकणंच आहे, आणि हात जितके लांब तितका भार जास्त. एक हात जमिनीवर टेकवून काम केलंत तर कमरेवरचं बरंच ओझं त्या हातावर जातं. फरशी दोन्ही हातांनीच धरावी लागते, तेव्हा आधी गुडघे पुढे सरकवा, मग फरशी टेकवा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून थोडं चाला. सुरुवात भिंतीच्या टाइल्सपासून करता आली तर उत्तम, छाती ते कमरेच्या उंचीचा पट्टा तुम्ही घ्या, खालच्या ओळी जोडीदाराला द्या.

प्रतिसाद ४

मीही फरशीवालाच. उचकटायच्या झटक्याबद्दल: हाताने ओढूच नका. व्हॅक्यूमची डबल कपवाली पकड घ्या, आधी एका कडेला पातळ पट्टी सारून हवा आत जाऊ द्या, फरशी लगेच सुटते. बॉक्स जागेवरच फोडून एकेक फरशी न्या. कटर जमिनीवर नको, कमरेच्या उंचीच्या घोडीवर ठेवा. मसाला कालवायला आणि गोणी उचलायला माणूस धरा, त्याची मजुरी आधीच कामाच्या दरात घाला. पहिलं काम लहान घ्या, एखादी बाल्कनी किंवा भिंत, आणि मुदत सैल ठेवा. मुदत आवळली की सगळे नियम विसरून आपण बॉक्स खांद्यावर घेतो.

धागाकर्ता

पट्टी सारायची युक्ती माहीत नव्हती, उद्याच जुन्या तुकड्यांवर करून बघतो. एका स्वयंपाकघराच्या भिंतीचं काम विचारायला आलं आहे. सर्जनची भेट झाल्यावरच होकार देईन, आणि ते काय म्हणाले ते इथे लिहितो.