खालच्या पानांच्या शिरांमधला पिवळेपणा: कमतरता नेमकी कशाची?

रानजाई:
नमस्कार. मी कॅनडातील व्हँकूवर येथे राहते. येथे ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात चार झाडे लावण्यास कायद्याने परवानगी आहे, आणि त्यानुसार आम्ही एका खोलीत एलईडी दिव्यांखाली, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्यांमध्ये गांजाची चार झाडे वाढवत आहोत. फुलोरा अजून यायचा आहे. अलीकडे खालच्या पानांचा रंग उडू लागला आहे. शिरा हिरव्या राहतात, पण त्यांच्यामधला भाग पिवळा पडतो. मधल्या फांद्यांवरील काही पानांवर तांबूस-तपकिरी ठिपकेही आले आहेत. शेंडे हिरवेगार आहेत. पाणी नळाचे असून खत नेहमीचे विद्राव्य नत्र-स्फुरद-पालाशयुक्त आहे. ओळखीच्यांनी नत्र वाढवण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का?

शिवारकर:
कृपया नत्र वाढवू नका, निदान आत्ताच नाही. रंगाआधी पानाची जागा पाहावी लागते. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात फिरती असतात, म्हणून ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या वाढीला पुरवते आणि लक्षण खालून सुरू होते. लोह आणि कॅल्शियम तशी हलत नाहीत, त्यामुळे त्यांची कमतरता नव्या पानांवर उमटते. नत्र कमी पडल्यास मात्र जुने पान शिरांसकट फिकट होते. आपल्याकडे शिरा हिरव्या आहेत, म्हणजे संशय मॅग्नेशियमवर जातो. पालाश कमी असता तर पानांच्या कडा करपल्या असत्या.

व्हँकूवरचे पाणी डोंगरातल्या जलाशयांचे आणि अतिशय मृदू असते, त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम नगण्य. त्यातच कोकोपीट ही दोन्ही अन्नद्रव्ये स्वतःकडे धरून ठेवते आणि त्यांच्या बदल्यात पालाश व सोडियम सोडते. जास्तीचा पालाश मॅग्नेशियम शोषू देत नाही. तपकिरी ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे असू शकतात, पण शेंडे हिरवेगार असल्याने तसे खात्रीने सांगता येत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना देठ परीक्षणाचे (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांच्या तपासणीचे) महत्त्व माहीत असते, कारण पान पाहून बांधलेला अंदाज तपासून घ्यावाच लागतो. आपणही पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लता) आणि विद्युत वाहकता (त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज येतो) मोजून कळवावी.

हिरवाकंच:
वरील तर्क मला पटतो, परंतु खताचा विचार करण्याआधी पानाची मागची बाजू भिंगाखाली पाहणे आवश्यक आहे. लाल कोळी रस शोषतो तेव्हा पानावर बारीक फिकट ठिपके येतात आणि दुरून ते पान पिवळट दिसते. बंद, गरम व कोरड्या खोलीत ही कीड फार वेगाने वाढते. शिरांच्या बेचक्यात जाळी दिसते का, हेही पाहावे. कुंडीच्या तळाशी पाणी साचत असल्यास मुळे गुदमरतात आणि खत असूनही झाड उपाशी राहते, तेव्हा मुळांचा रंग व वास तपासावा.

रानजाई:
दोघांचेही आभार. भिंगाखाली कोळी किंवा जाळी आढळली नाही, मुळे पांढरी आहेत आणि निचरा चांगला आहे. खत घातलेल्या पाण्याचा सामू ६ च्या आसपास आहे, तर नुसत्या नळाच्या पाण्याची वाहकता ०.१ मिलिसीमेन्सपेक्षाही कमी भरली. कोकोपीटच्या पिशवीवर पूर्वप्रक्रियेचा, म्हणजे ते आधीच कॅल्शियमच्या द्रावणात भिजवून धुतल्याचा, उल्लेख नाही.

शिवारकर:
मग चित्र बरेच स्पष्ट झाले. कोकोपीटसाठी ५.८ ते ६.२ हा सामू योग्यच आहे, त्यामुळे अन्नद्रव्ये अडकून पडली आहेत असे मानण्याचे कारण नाही. ती पाण्यातच नाहीत. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे तयार द्रावण उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत आधी पाण्यात मिसळावे, मग नेहमीचे खत घालावे आणि शेवटी सामू पुन्हा मोजावा, कारण मृदू पाण्यात आम्लाचे चार थेंबही सामू झपाट्याने खाली आणतात. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट वेगवेगळे आणले तर त्यांची घट्ट द्रावणे कधीही एकत्र करू नयेत. जिप्समचा साका तळाशी बसतो आणि दोन्ही वाया जातात. या द्रावणांतून बऱ्याचदा नत्रही जातो, त्यामुळे नत्राची वेगळी भर घालायला नको. कुंडीतून थोडे पाणी निचरून जाईल इतके प्रत्येक वेळी द्यावे, म्हणजे साठलेला पालाश व सोडियम धुऊन निघेल.

ठिपके पडलेली पाने पूर्ववत होणार नाहीत, त्यांच्यावरून परिणाम जोखू नका. आठवडाभराने पिवळेपणा वरच्या पानांकडे सरकला आहे का आणि नवी पाने निर्दोष निघत आहेत का, एवढेच पाहावे. पुढे फुलोरा पिकत असताना खालची पाने पिवळी पडली, तर ते झाडाचे नैसर्गिक वय आहे. तेव्हा खत वाढवू नये.