शब्दचर्चा: यॉर्कशायरचं ‘रायडिंग’ म्हणजे नेमकं काय?

उंबरठा:
गेल्या शनिवारी आम्ही लीड्सहून बेव्हर्लीला निघालो होतो. रस्त्याकडेला पाटी दिसली, ‘ईस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर’. बाबा पंधरा दिवसांपूर्वीच साताऱ्याहून आलेत. मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हद्दीची पाटी दिसली की त्यांना राहवत नाही. लगेच विचारलं, “रायडिंग म्हणजे तालुका की जिल्हा?” मी ठोकून दिलं की पूर्वी राजाचा माणूस घोड्यावरून दिवसभरात जेवढा मुलूख फिरायचा तेवढं एक रायडिंग. बाबा म्हणाले, “घोडा कुठल्या जातीचा, तेही सांग.” घरी येऊन फोनवरच्या भाषांतराच्या ॲपला विचारलं तर उत्तर आलं ‘यॉर्कशायरची पूर्व स्वारी’.
जाणकारांनी सांगावं: अर्थ काय आणि मराठीत काय म्हणावं?

मोडीवाचक:
घोड्याला तबेल्यात परत पाठवा. हा शब्द ‘थ्री’च्या घराण्यातला आहे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांच्या बोलीत, ‘थ्रिद्युंग्र’ म्हणजे तिसरा हिस्सा. व्हायकिंगांनी ८६६ मध्ये यॉर्क घेतलं आणि त्यांचा शेवटचा राजा एरिक ९५४ मध्ये हाकलला गेला. मधल्या नव्वद वर्षांत त्यांनी जे शब्द या मातीत पेरले त्यांतला हा एक. इंग्रजीत तो ‘थ्रायडिंग’सारखा झाला. पुढे ‘नॉर्थ थ्रायडिंग’, ‘ईस्ट थ्रायडिंग’, ‘वेस्ट थ्रायडिंग’ असं भरभर म्हणताना आधीच्या शब्दाच्या शेवटच्या ‘थ’ने आणि ‘ट’ने पुढच्या शब्दाचं तोंड गिळलं आणि उरलं रायडिंग. ‘नॅप्रन’चा ‘ॲप्रन’ झाला तो याच वाटेने. ‘अ नॅप्रन’मधला ‘न’ लोकांनी आधीच्या ‘अ’ला चिकटवून टाकला.
इंग्रजांचं जुनं नाणं फार्दिंग हे याचंच भावंड. पेनीचा चौथा भाग. थोडक्यात फार्दिंग म्हणजे पावली आणि रायडिंग म्हणजे तिजाई.

लीड्सकर:
त्यात भर. १०८६ च्या डूम्सडे बुकातही, म्हणजे तेव्हाच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या वहीतही, ही रायडिंगं आहेत. १ एप्रिल १९७४ ला सरकारने त्यांचा कारभार बंद केला. पूर्व भागाचा मोठा तुकडा नव्या ‘हंबरसाइड’ काउंटीत टाकला. ते नाव कित्येकांच्या कधी पचनी पडलं नाही. १ एप्रिल १९९६ ला हंबरसाइड मोडली आणि ‘ईस्ट रायडिंग’ अधिकृतपणे परत आलं. तुम्हाला दिसली ती पाटी म्हणजे परत मिळालेलं नाव आहे. इथले म्हातारे अजूनही ‘आम्ही वेस्ट रायडिंगचे’ असंच सांगतात.

अर्धवट:
एक बाळबोध शंका. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट झालं. साउथ रायडिंग कुठे गेलं?

लीड्सकर:
तिघा भावांत वाटणी झाली, चौथा कुठून आणू? शेफील्डकडच्या भागाला ‘साउथ यॉर्कशायर’ म्हणतात, पण ते १९७४ चं बाळ. मात्र शेजारच्या लिंकनशायरमध्ये लिंडसी नावाचा प्रदेश आहे, त्याचेही तीन हिस्से होते आणि त्यांत साउथ रायडिंग होतं. तिथे ईस्ट नव्हतं.

टोरांटोकाकू:
आमच्याकडे कॅनडात मतदारसंघालाच रायडिंग म्हणतात! निवडणूक आली की मराठी मंडळातसुद्धा ‘तुमचं रायडिंग कुठलं?’ हाच प्रश्न. देशात ३४३ रायडिंगं आहेत. म्हणजे आम्ही एका देशाचे ३४३ तिसरे हिस्से करून बसलोय. आणि मी इतकी वर्षं समजत होते की उमेदवार पूर्वी घोड्यावर बसून प्रचार करायचे.

मोडीवाचक:
काकू, आयर्लंडमध्ये टिपरेरी काउंटीची दोनच रायडिंगं होती, नॉर्थ आणि साउथ. एकदा शब्दातला आकडा दिसेनासा झाला की तो कशालाही चालतो.
आपल्याकडेही हेच. गोव्यात साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, तिसवाडी म्हणजे तीस वाड्या. मडगावच्या बसस्टँडवर उभं राहून कोणी सहासष्ट मोजत नाही. आणि उंबरठाताई, तुमच्या बाबांच्या खात्यातलंच उदाहरण घ्या. मंडल अधिकारी आले की गावात ‘सर्कल आले’ म्हणतात, तेव्हा कोणाच्या डोळ्यांपुढे वर्तुळ येतं?

भाकरतुकडा:
विषय निघालाच आहे तर यॉर्क शहरातली गंमत सांगतो. तिथे रस्त्याला गेट म्हणतात, वेशीला बार म्हणतात आणि बारला पब. स्टोनगेट, पीटरगेट, मिकलगेट हे सगळे रस्ते. हा ‘गेट’ नॉर्स ‘गाता’, म्हणजे रस्ता. तटबंदीतले दरवाजे शोधायचे तर बूथम बार, मंक बार, वॉल्मगेट बार. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्राने संदेश पाठवला, ‘मिकलगेट बारखाली सहा वाजता.’ मी त्या रस्त्यावरच्या एका पबात शिरून पाऊण तास वाट पाहिली. तो बिचारा वेशीच्या कमानीखाली पावसात.
मिकल म्हणजे मोठा, आपल्या ‘महा’चा लांबचा नातेवाईक. म्हणून मिकलगेटला मी थोरली आळी म्हणतो.
आता कॉपरगेट. यॉर्कवरच्या एका मराठी लेखात याचं ‘तांबट आळी’ केलेलं वाचलं होतं. पुण्याची आठवण येऊन लेखक घसरला असावा. तिथे तांब्याचा काही संबंध नाही. लाकूड कातून पेले-वाडगे करणाऱ्यांची ती वस्ती. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झालं, तेव्हा व्हायकिंगांची घरंच्या घरं सापडली, आणि कातकामाच्या चरकावर (लेथवर) वाडगा कातल्यावर मधला जो लाकडी गाभा उरतो तेसुद्धा ढिगाने निघाले. ओल्या मातीने हजार वर्षं सांभाळून ठेवलेले. तेव्हा म्हणायचंच तर कातारी आळी म्हणा.

अर्धवट:
मग व्हिटबी, सेल्बी, वेदरबी यांतला ‘बी’ कोण?

मोडीवाचक:
‘बी’ म्हणजे गाव किंवा वस्ती, तोही नॉर्सच. ‘थॉर्प’ म्हणजे त्याहून लहान, मूळ गावापासून फुटून बसलेली वाडी. यॉर्कजवळचं कॉपमनथॉर्प म्हणजे व्यापाऱ्यांची वाडी. ‘ली’ मात्र व्हायकिंगांच्या आधीचा इंग्रजी, रान तोडून काढलेली मोकळी जागा: ऑटली, इल्कली. गावांच्या नावांतला ‘टन’ हाही तसाच जुना इंग्रजी, म्हणजे वस्ती. नकाशावर बी-थॉर्प कुठे दाट आहेत आणि ली-टन कुठे, हे रंगवून पाहिलं तर कुणाची वस्ती कुठवर पोचली याचा अंदाज येतो.
या ‘बी’ची एक फांदी थेट आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डापर्यंत आली आहे. ‘बायलॉ’मधल्या ‘बाय’चं मूळ याच गावात सांगतात. म्हणजे गावाने स्वतःपुरता केलेला कायदा. नंतर लोकांना तो ‘बाजूचा, दुय्यम’ अशा अर्थाचा बाय वाटू लागला आणि आपण भाषांतर केलं ‘उपविधी’. ‘गावकी’ म्हटलं असतं तर मुळाच्या जास्त जवळ गेलो असतो. पार्किंगवरून होणारी भांडणं पाहता तोच शब्द शोभलाही असता.

टोरांटोकाकू:
आणि यॉर्कशायरमधला शायर? आमचे हे म्हणतात मुशायऱ्यातला.

मोडीवाचक:
काकांना नमस्कार सांगा. शायर म्हणजे काउंटी, त्या मुलखाचा कारभारी म्हणजे ‘रीव्ह’. शायर-रीव्ह दोन्ही आक्रसून झाला ‘शेरीफ’. मुंबईचे नगरपाल आपण म्हणतो ते पद तेच. उच्चाराचं म्हणाल तर काउंटीच्या नावात इथले लोक ‘यॉर्कशर’ म्हणतात. पण क्रिकेटच्या बातम्यांनी आपल्याकडे ‘यॉर्कशायर’ पक्कं केलंय आणि ते बदलायचं कारण मला दिसत नाही.

लीड्सकर:
क्रिकेटवरून आठवलं. रायडिंगचे पुन्हा भाग पडत, त्यांना ‘वॅपनटेक’ म्हणत, शब्दशः ‘शस्त्र घेणं’. सभेत शस्त्र उंचावून संमती द्यायची, त्यावरून आलेला शब्द. लीड्सच्या आसपासच्या वॅपनटेकचं नाव स्कायरॅक. वाटतं आकाशातलं फडताळ, पण मूळ ‘शायर-ओक’, मुलखाचा ओक. सभेची जागा सांगणारं झाड. आपला पिंपळपारच. तो ओक हेडिंग्लीत होता, १९४१ मध्ये पडला. आता त्या जागी दोन पब समोरासमोर आहेत, एक ‘स्कायरॅक’ आणि दुसरा ‘ओरिजिनल ओक’. मैदान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, जिथे वेंगसरकरने १९८६ मध्ये ६१ आणि नाबाद १०२ केल्या आणि आपण कसोटी जिंकली. १९९२ मध्ये यॉर्कशायरने पहिला परदेशी खेळाडू घेतला तो सचिन. त्याआधी काउंटीच्या हद्दीत जन्मलेल्यालाच घ्यायचं अशी त्यांची रीत होती. हद्द म्हणजे काय, हे या लोकांना विचारावं.

भाकरतुकडा:
फिरायला जाणाऱ्यांसाठी: डेल्समध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या डोंगरखोऱ्यांत, ‘हार्ड्रॉ फोर्स’ लिहिलेलं दिसलं तर पोलीस शोधू नका. फोर्स म्हणजे धबधबा. साधारण शंभर फुटांवरून सरळ पडतो. ‘बेक’ म्हणजे ओढा. आणि स्लेथवेट नावाच्या गावाची वाट विचारताना ‘स्लॅविट’ म्हणा, नाहीतर समोरचा नुसता बघत राहील.

उंबरठा:
सगळ्यांचे आभार. बाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. ‘तिजाई’ त्यांनी नापास केली. म्हणाले, इनामदाराकडून तिसरा हिस्सा घ्यायचे तीही तिजाई, ती वसुली झाली. इथे जमिनीची वाटणी आहे, सरळ ‘हिस्सा’ म्हण, सातबाऱ्यावर असतो तसा. पूर्व हिस्सा, पश्चिम हिस्सा.
मग नकाशा मागितला. तिन्ही हिश्श्यांच्या शिवा कुठे भेटतात ते बोटाने शोधत यॉर्कपाशी थांबले आणि विचारलं, शहर कोणाच्या हिश्श्यात? लीड्सकर, मी शोधलं तर शहर तिघांपैकी कोणातच नव्हतं, बरोबर ना?

लीड्सकर:
बरोबर. यॉर्क शहर तिन्ही रायडिंगांच्या बाहेर, स्वतंत्र.

उंबरठा:
सांगितलं. म्हणाले, “मग असं सांग ना, गावठाण वगळून मोजणी केली.”