मदत हवी आहे: लाकडी जमिनीच्या कड्या कुजल्यात, जोड द्यावा की नवीन टाकाव्यात?

नमस्कार मंडळी,

तळमजल्यावरच्या एका खोलीची जमीन लाकडी आहे. खाली भराव नाही, नुसती पोकळी. पोकळीवर कड्या, कड्यांवर फळ्या. काही महिने खिडकीजवळून चाललं की कपाटाच्या काचा वाजायच्या. मला वाटलं खिळे सैल झाले असतील. एक फळी उचकटून कडीच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, तर तो मुठीपर्यंत आत! बाहेर काढला तेव्हा टोकाला ओला, तपकिरी चुरा.

आता सगळ्या फळ्या निघाल्यात. परत त्याच जागी बसवायच्या म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडे घातलेत (निम्म्या काढतानाच चिरल्या, ते सोडा).

कड्या ५० × १०० मिमीच्या, ४०० मिमी अंतराने, एकूण अकरा. लांबी ३.६ मीटर, मधोमध विटांच्या बुटक्या भिंतीचा टेकू. बाहेरच्या भिंतीत घुसवलेली चार टोकं गेलीत, साधारण वीतभर. तिथे ओल मोजायचा मीटर २७ टक्के दाखवतो, मध्यावर १४.

कुजका भाग कापून शेजारी नवा तुकडा बोल्टने आवळला तर चालेल? आणि टोकं पुन्हा भिंतीतच घालायची का?

उत्तर

तुकडा जोडायच्या भानगडीत पडू नका. मधली भिंत आहे ना, मग त्या चार कड्या तिथपर्यंत कापा आणि पुढची अर्धी कडी अख्खी नवी टाका. जुनी-नवी त्या भिंतीवर शेजारी-शेजारी टेकवून बोल्ट मारा, म्हणजे सांधा अधांतरी राहत नाही. टोकं भिंतीत नकोत. जॉइस्ट हँगर म्हणतात ते पत्र्याचे पाळणे भिंतीला लावा, लाकूड विटेला चिकटायलाच नको.

पण त्याआधी जोत्यातले झरोके, म्हणजे खालच्या पोकळीत हवा खेळती ठेवणारी भोकं, बघा. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकली की बुरशीचं फावतं. शिवाय लाकडाला चौकोनी भेगा किंवा भिंतीवर कापसासारखं काही दिसलं तर थांबा. ती बुरशी विटांच्या सांध्यांतूनही पसरते, मग नुसत्या कड्या बदलून भागत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. कापूस नाही, भेगाही नाहीत. पण तीन झरोक्यांपैकी दोन बाहेरच्या वाफ्यातल्या मातीने बुजलेले! वाफा मीच दोन वर्षांपूर्वी उंच केला होता, त्यामुळे कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. माती उपसली, झरोक्यासमोर टिश्यूची पट्टी धरली, आता हलते.

जमीन सध्या उघडीच ठेवतोय, मीटर खाली येईपर्यंत. तोवर एवढंच सांगा: नव्या कड्या जुन्यांपेक्षा तीन-चार मिमी उंच मिळतायत. रंधा मारून वरून उतरवू, की टेकणाऱ्या टोकाला खालून खाच घेऊ?