स्पॅनिशमध्ये 'जंगल' कसं लिहायचं: बोस्के, सेल्वा की मोन्ते?

कवठीचाफा: स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा भागावर स्पॅनिशमध्ये एक पानभर लिहायचंय. डिक्शनरीत बोस्के म्हणजे जंगल, सेल्वा म्हणजे जंगल, आणि मोन्ते म्हणजे डोंगर, पण परत जंगलसुद्धा! नक्की काय वापरू?

बोरीचं झाड: बोस्के हा सगळ्यात सेफ. सेल्वा म्हटलं की अ‍ॅमेझॉन किंवा मेक्सिकोचं लाकांदोन, म्हणजे पाऊस, वेली, दमट काळोख असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं, त्यामुळे एक्स्त्रेमादुराला अजिबात नको. आता उत्तर स्पेनच्या नावार्रामध्ये बीच आणि फर या झाडांच्या जंगलाला सेल्वा दे इराती म्हणतात, पण ते जुनं नाव आहे, तिकडे थंडीत बर्फ पडतो. खुंग्ला पण टाळा, तो आपलाच 'जंगल' इंग्रजीमार्गे तिकडे गेलाय आणि वाघ-माकडांच्या गोष्टीतला वाटतो.

हरणटोळ: मोन्तेला डोंगर म्हणून अडकू नका, तो आपला 'रान' आहे. रानमांजराला ते गातो मोन्तेस म्हणतात, बघा बसतंय की नाही. चढ असलाच पाहिजे असं नाही, त्यांच्या 2003 च्या वनकायद्यात तर झाडं, झुडपं, नुसतं गवत असलेली जमीन पण मोन्तेत धरलीय. आणि कोणी फरार होऊन रानात शिरला की 'एचार्से आल मोन्ते', तिथे बोस्के घातलंत तर हसतील.

बोरीचं झाड: हे भारी. पण त्यांना एक्स्त्रेमादुरासाठी खरा शब्द लागणार तो देएसा. लांबलांब उभे सदाहरित ओक, खाली गवत, त्यात गुरं-मेंढ्या, आणि हिवाळ्याच्या तोंडाला ओकची फळं पडायला लागली की काळी डुकरं सोडतात, त्यांचंच ते महागडं हामोन, म्हणजे मीठ लावून सुकवलेली डुकराची मांडी. माणसाने विरळ करून राखलेलं आहे ते, म्हणून बोस्के म्हटलं की चित्रच चुकतं. मधेमधे बुचाची झाडं (आपलं पांढऱ्या फुलांचं नव्हे, बाटलीचं बूच ज्याच्या सालीचं करतात तो ओक), साल नुकतीच काढलेली असली तर खालचं खोड तांबूस, उघडं आणि वरचं राखाडी, खडबडीत. ती साल साधारण 9 वर्षांनी परत काढतात.

कवठीचाफा: आणि तेच ओक दाट असतील तर?

हरणटोळ: मग एन्सिनार. ओक एन्सिना, त्याचं एन्सिनार, जशी आंब्यांची आमराई. पाइन म्हणजे पिनो, त्याचं पिनार, बुचाचं आल्कोर्नोकाल, बीचचं आयेदो (सुरुवातीचा 'ह' लिहायचा, म्हणायचा नाही). ऑलिव्हचं ओलिवार मात्र लावलेली बाग, त्याला जंगलात घेऊ नका. आलामेदा म्हणजे मुळात पॉप्लरची राई, पण शहरात तो झाडांमधला फिरायचा रस्ता नाहीतर बाग होतो, मेक्सिको सिटीत तर आलामेदा नावाचं पार्कच आहे, तिथे पॉप्लर शोधत बसू नका.

पाणकणीस: मधेच घुसतो, देवराईला काय लिहाल?

बोरीचं झाड: बोस्के साग्रादो, आणि पुढे अर्ध्या ओळीत सांगा की देवाच्या नावाने राखलेली, तिथली काटकी पण उचलत नाहीत. कवठीचाफा, तुम्ही मोन्फ्रागुए नॅशनल पार्कबद्दल लिहिणार असाल तर तिथे देएसा आणि दाट मोन्ते दोन्ही आहे, दोन्ही शब्द वापरता येतील.